मेंदूतली ‘कलाकृती’: आर्टिफॅक्टला काय म्हणावं?

दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांना कंपवात आहे, मेंदूत बारीक तार आणि छातीत कातडीखाली बॅटरीचं यंत्र बसवलंय. हे यंत्र वीज देतं आणि मेंदूच्या लहरी टिपूनही ठेवतं. सोबतच्या इंग्रजी कागदात ‘स्टिम्युलेशन आर्टिफॅक्ट’ असा शब्द आहे. मोबाइलने त्याचं मराठी ‘उत्तेजनाची कलाकृती’ असं केलं आणि सासरे विचारतात, माझ्या डोक्यात कसली कलाकृती?

ताई, पहिला शब्द लगेच सुटतो. ‘उत्तेजन’ म्हटलं की आपल्याला उत्तेजनार्थ बक्षीस आठवतं, म्हणून ‘उद्दीपन’ घ्या. खरा पेच दुसऱ्या शब्दाचा.

मोबाइल चुकला, पण मुळाशी तो अगदीच परका नाही. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘कौशल्याने केलेलं’. आपल्या वडोदऱ्यात 1890 साली कलाभवन निघालं, तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवत. त्या ‘कले’त हाच अर्थ होता. आज कलाकृती म्हणजे चित्र किंवा शिल्प, म्हणून तो शब्द इथे चालत नाही.

आता इथे नेमकं काय घडतं ते पाहू. यंत्र सेकंदाला साधारण 130 ठोके देतं, एकेक ठोका 60 मायक्रोसेकंदांच्या आसपासचा आणि काही व्होल्टचा. मेंदूची जी लहर टिपायची ती काही मायक्रोव्होल्टची, म्हणजे ठोक्याच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढी. वीज देता देता ऐकायला जावं तर नोंदीत ठोकाच दिसतो. तो मेंदूचा नाही, आपणच घातलेला आहे. आर्टिफॅक्ट म्हणतात तो हाच.

‘गोंगाट’ किंवा ‘दोष’ हे शब्द मला इथे पटत नाहीत. गोंगाट कुठूनही येतो, त्याला ताल नसतो. या ठोक्याचा कर्ता ठाऊक आहे, वेळ ठाऊक आहे, आकारही ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो काढता येतो. एक युक्ती मला फार आवडते. वीज तारेवरच्या एका धातूच्या बिंदूतून दिलेली असते आणि ऐकायचं त्याच्या वरच्या व खालच्या बिंदूंवर. ठोका दोन्हीकडे जवळपास सारखा पोचतो, म्हणून एकातून दुसरं वजा केलं की तो बराचसा कटतो. मेंदूची लहर दोन्हीकडे तंतोतंत सारखी नसते, ती उरते. दोन्हीकडे वेगवेगळा येणारा गोंगाट असा वजा होत नाही.

म्हणून शब्दात दोन गोष्टी हव्यात: हे खरं नाही, आणि हे केलेलं आहे. ‘कृतक’ या जुन्या शब्दात दोन्ही आहेत. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, शब्द (ध्वनी) अनित्य का, तर तो कृतक, म्हणजे उत्पन्न केलेला आहे म्हणून. आणि मराठीत ‘कृतककोप’ म्हणजे लटका राग. मी परिभाषेत ‘उद्दीपन-कृतक’ लिहीन.

एक अडचण राहते. छातीतल्या यंत्रामुळे हृदयाच्या ठोक्याची वीजही कधी नोंदीत शिरते, आणि डॉक्टर तिलाही आर्टिफॅक्टच म्हणतात. ती कुणी केलेली नाही, तिला कृतक म्हणायला माझं मन होत नाही. तिथे ‘भेसळ’ बरा, आणि घरातल्या माणसाला तोच चटकन कळेल. मेंदूची लहर आणि भेसळ यांतला भेद क्षुल्लकही नाही. 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पद्धतीत यंत्र मेंदूच्या लहरी पाहूनच विजेची मात्रा कमीजास्त करतं. भेसळीलाच मेंदूची लहर समजलं तर मात्रा चुकेल.

सासऱ्यांच्या कागदावर एवढंच लिहा: ‘यंत्र वीज देत असतानाच मेंदूच्या लहरी टिपतं. त्या नोंदीत यंत्राच्याच विजेची भेसळ होते. ती वेगळी काढून मग डॉक्टर नोंद वाचतात.’