बागेतील पाणी : कारंजे हवे की कुमुदिनी?

प्रश्न : आमची घरामागची बाग १५ फूट लांब व १० फूट रुंद आहे. तिच्या कोपऱ्यातील जुन्या झाडाच्या सावलीत छोटे तळे करून त्यात कुमुदिनी लावावी आणि मधोमध कारंजे बसवावे, असे फार दिवसांपासून मनात आहे. घरच्यांना डासांची धास्ती वाटते. दीड वर्षाची नातही नुकतीच चालू लागली आहे. काय करावे?

उत्तर : आपण निवडलेली जागा आणि योजलेली जोडी, दोन्हींचा फेरविचार करावा लागेल. कुमुदिनीला नीट फुलण्यासाठी रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते, ते झाडाखाली मिळणार नाही. उलट गळलेली पाने तळाशी कुजत राहतील, कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतील आणि पंपाच्या जाळीतही अडकतील. शिवाय कुमुदिनी ही संथ पाण्याची वनस्पती असल्यामुळे सतत अंगावर पडणारे तुषार तिला मानवत नाहीत.

नातीचा मुद्दा मात्र या सर्वांच्या आधी येतो. एवढे लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते, आणि तेही कसलाच आवाज न होता. म्हणून ती पुरेशी मोठी होईपर्यंत उघडे तळे करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुमुदिनीला तोवर थांबावे लागेल.

पाण्याचा आवाज मात्र आजही मिळू शकतो. झाडापासून दूर, जमिनीत सुमारे १०० लिटरची टाकी पुरून तिच्या तोंडावर माणसाचे वजन पेलणारी लोखंडी जाळी कुलूपबंद बसवावी, तिच्यावर डासांची बारीक जाळी अंथरून गोटे रचावेत आणि मधोमध आरपार भोक पाडलेला दगड उभा करावा. टाकीतील पंप नळीवाटे पाणी दगडाच्या माथ्यावर चढवतो आणि ते ओघळत गोट्यांमधून पुन्हा टाकीत उतरते. पंप घेताना केवळ ताशी लिटरचा आकडा पाहू नये, कारण तो पाणी मुळीच वर चढवायचे नसतानाचा असतो. सोबत छापलेल्या कमाल उंचीला तर धार पूर्णच थांबते. म्हणून पंपापासून दगडाच्या माथ्यापर्यंत तीन फूट उंची असेल, तर कमाल उंची निदान सहा फूट असलेला पंप घ्यावा. पंप कोरडा चालला तर जळतो, तेव्हा उन्हाळ्यात पाण्याची पातळी रोज पाहावी. विजेची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) असावाच.

घरच्यांची धास्ती अनाठायी नाही. पंप रात्री बंद राहिला की पाणी साचलेलेच असते, आणि उबदार हवेत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे दर आठवड्याला टाकी रिकामी करून ते पाणी झाडांना घालावे आणि टाकीच्या आतल्या भिंती घासून काढाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात व कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी बदलणारे नेमके इथेच फसतात.

प्रश्न : सिमेंटचा नवा हौद बांधून लगेच मासे सोडले, ते मेले. आता पाणी हिरवे झाले आहे. पुन्हा पुन्हा बदलूनही फरक पडत नाही.

उत्तर : नव्या सिमेंटमधील चुना पाण्यात उतरून ते फार अल्कधर्मी होते, आणि मासे बहुधा त्यामुळेच दगावले असावेत. हौद भरून काही दिवस ठेवावा, मग उपसावा. असे तीन-चारदा केल्यावर पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) तपासावा आणि तो ८.५ च्या खाली स्थिरावल्यावरच मासे सोडावेत. हिरवेपणा सूक्ष्म शेवाळाचा आहे. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर त्याला नवे खाद्य मिळते, म्हणून हौद एकदा असा तयार झाला की सगळे पाणी बदलणे थांबवावे आणि निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकेल इतक्या पाणवनस्पती लावाव्यात. काही आठवड्यांत पाणी निवळू लागेल. जलपर्णी मात्र फुकट मिळाली तरी आणू नये.