दुसरीतल्या मुलीला हातच्याची बेरीज आणि वजाबाकी कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दुसरीत आहे, लहान बेरजा बोटांवर बरोबर करते, पण ५२ − २७ चं उत्तर ३५ काढते. रोज पानभर उदाहरणं सोडवून घेतली तरी तीच चूक पुन्हा होते. मी प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवते. अशी उत्तरं मला वह्यांमध्ये सतत दिसतात आणि ती हलगर्जीपणातून येत नाहीत.

ती काय करतेय ते बघा. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, ३ उरले. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ वजा केले आणि ५ लिहिले. तिच्या मते तिने नियमच पाळलाय: मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. हा नियम पहिलीत आपणच तिच्या कानावर घातलेला असतो. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशाच चुकांवर लेख प्रसिद्ध केला होता. त्यांना दिसलं ते असं, की बऱ्याच चुका वाटेल तशा झालेल्या नसतात. मूल एक ठरावीक रीत इमानाने पाळत असतं, फक्त ती रीत चुकीची असते. अशा वेळी आणखी पानभर उदाहरणं दिली की तीच रीत पक्की होते. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की काही दिवस उभी मांडणी पूर्ण बंद ठेवा.

त्याऐवजी शंभरेक काड्या आणि थोडे रबरबँड घ्या. मणी किंवा खडेही चालतात, पण काड्या बांधता येतात आणि सोडता येतात, आणि इथे सगळा प्रश्न बांधण्या-सोडण्याचाच आहे. दहा-दहाचे गठ्ठे तिनेच मोजून बांधायचे. आयता गठ्ठा हातात दिला तर तिच्यासाठी ती नुसती एक जाडी काडी असते. गठ्ठा सोडला तरी काड्या दहाच, पुन्हा बांधला तरी दहाच, हे तिच्या हातांना कळू द्या.

मग म्हणा, ‘५२ काड्या मांड.’ पाच गठ्ठे, दोन सुट्या. ‘आता यातल्या २७ मला दे.’ एवढं बोलून गप्प बसा. हे गप्प बसणं मोठ्यांना सगळ्यात जड जातं! मूल आधी दोन गठ्ठे पुढे सरकवतं. मग दोन सुट्या काड्या देतं. मग थांबतं. अजून पाच द्यायच्या आहेत आणि समोर तर फक्त बांधलेले गठ्ठे आहेत. थोड्या वेळाने विचारतं, ‘हा सोडू?’ सोड म्हणायचं. रबर निघतं, दहा सुट्या होतात, त्यातल्या पाच तुमच्याकडे येतात. उरतात दोन गठ्ठे आणि पाच सुट्या.

‘हा सोडू?’ हा प्रश्न तिच्याकडूनच यायला हवा. त्याआधीच आपण ‘शेजारच्याकडून एक उसना घे’ असं सांगून टाकलं, तर ती पाचाचे चार करायला शिकेल, पण का करायचे ते कळणार नाही. इथे आणखी एक गोष्ट दिसेल. पुस्तकात आधी दशक सुटं करून १२ एकक करतात आणि मग ७ वजा करतात. मूल मात्र बहुतेक वेळा आधी हाताशी असलेले दोन देऊन टाकतं आणि मग गठ्ठा सोडतं. तेही अगदी बरोबर आहे, तिला थांबवू नका.

काड्यांवर जमलं की लगेच अंकांवर उडी नको. मध्ये चित्र येऊ द्या: गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी टिंब. रेघ खोडून तिच्या जागी दहा टिंबं काढायची. आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडला. शाळेत यातली चित्राची पायरीच बरेचदा गळून जाते. अंक लिहायची वेळ आली की काड्या शेजारीच ठेवा. गठ्ठा सोडला की त्याच क्षणी पाच खोडून वर चार लिहायचे.

बेरजेतला हातचा याच्या उलट. ३८ आणि २७ काड्या एकत्र केल्या की सुट्या १५ होतात, त्यातल्या दहांचा गठ्ठा बांधून तो गठ्ठ्यांत ठेवायचा. हा बांधलेला गठ्ठा म्हणजेच हातचा. वजाबाकीच्या आधी हे दोन-चार दिवस करून घेतलंत तर पुढचं सोपं जाईल.

बोटांची काळजी करू नका. ३ + ८ करताना मूल सुरुवातीला दोन्ही संख्या एकपासून मोजतं, मग तीनच्या पुढे मोजायला लागतं, आणि एक दिवस आपणहून आठच्या पुढे तीनच मोजतं. ही प्रगती आहे, बोटांना मनाई करून ती लवकर होत नाही. मदत करायची असेल तर दहाच्या जोड्या पक्क्या करा: ९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३. पाच-पाचच्या दोन ओळींची दहा घरं आखून त्यात आठ टिंबं भरली की दोन रिकामी घरं न मोजताच दिसतात. मग ८ + ५ म्हणजे आधी दोन देऊन दहा पुरे करायचे, उरले तीन, झाले तेरा. घड्याळ लावून सराव मात्र या वयात मुळीच नको. घाईत मूल विचार सोडून अंदाज करायला लागतं.

वजाबाकी म्हणजे नुसतं काढून टाकणं नव्हे, हेही बरेचदा शिकवायचं राहून जातं. एका ओळीत ९ मणी, दुसरीत ६, तर पहिल्या ओळीत किती जास्त? इथे कुणी काहीच काढलेलं नाही, म्हणून मूल गोंधळतं आणि ९ हेच उत्तर देतं. मणी समोरासमोर जोडीने मांडले की जोडी नसलेले तीन दिसतात. तसंच ८२ − ७९ साठी संख्यारेषेवर ७९ पासून पुढे तीन उड्या मारल्या की झालं, गठ्ठे सोडायची गरजच नाही.

आणि कृपा करून ‘एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी’ अशी खूण शिकवू नका. ‘पाच मणी दिल्यावर आठ उरले, तर आधी किती होते?’ यात उरले आहे आणि करायची आहे बेरीज. शाब्दिक उदाहरण तिला आधी काड्यांनी करून दाखवायला सांगा, चिन्ह नंतर.

रोज किती उदाहरणं द्यावीत असंही तुम्ही विचारलंय. चार-पाच पुरेत, पण प्रत्येकाला ‘तू हे कसं केलंस?’ विचारा. उत्तर बरोबर असतानाही विचारा, नाहीतर हा प्रश्न आला की आपलं चुकलं असं तिला वाटेल. पडताळाही तिलाच करू द्या: आलेल्या उत्तरात वजा केलेली संख्या मिळवायची आणि पहिली संख्या परत येते का बघायचं.

पुढे तीन अंकी संख्या आल्या की ४०३ − १६८ सारखी उदाहरणं अडवतील, कारण दशकाच्या घरात सोडायला गठ्ठाच नसतो. तेव्हा दहा गठ्ठ्यांचा एक मोठा शंभराचा गठ्ठा बांधून ठेवा. आधी तो सोडून दहा दशक करायचे, मग त्यातला एक सोडून दहा सुट्या. समोर राहतात तीन शतक, नऊ दशक आणि तेरा एकक. शून्याच्या जागी नऊ का लिहितात ते तिला तिथेच समोर दिसेल.