गोळ्यांची रांग मागे ओढा

प्रश्न : १९९७ सालच्या ‘दोदोनपाची’ या विमानाच्या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये तिसऱ्या लेव्हलच्या पुढे जाताच येत नाही. विमान पडतं तेव्हा दोन-तीन बॉम्ब शिल्लकच असतात. कुठे चुकतं?

उत्तर : तुम्ही फार पळता, बहुधा तिथेच. शत्रूच्या बऱ्याचशा गोळ्या सुटतात त्या क्षणी तुमचं विमान जिथं असतं, त्या जागेवर रोखलेल्या असतात. नंतर वळत नाहीत. म्हणून एका कडेपासून सुरुवात करा आणि जॉयस्टिकला हलक्या टिचक्या देत दुसऱ्या कडेकडे सरका. गोळ्यांची रांग मागे पडत जाते. घाबरून डावी-उजवीकडे धावलात, की त्याच गोळ्या तुम्ही स्क्रीनभर पसरवता आणि परतीची वाट बंद होते. पलीकडची कड जवळ आली की उरलेलं अंतर एका झटक्यात कापा. रांगेत फट पडते; तिच्यातून उलट फिरा. हे एकदा जमलं की निम्मा खेळ जमला.

माऱ्याचं बटण दाबून धरलं की लेझर सुटतो आणि विमान मंदावतं. दाट गोळ्यांत हाच वेग हवा. पंखाला गोळी चाटून गेली तरी चालतं, मार लागतो तो मधल्या छोट्या भागालाच. जमिनीवरच्या रणगाड्यांना तर अगदी खेटून जा; इतक्या जवळून ते गोळी झाडत नाहीत.

बॉम्बचं म्हणाल तर विमान पडल्यावर साठा नव्याने भरतो, म्हणजे उरलेले बॉम्ब वायाच. नेहमी जिथं मरता ती जागा ठरवून ठेवा आणि गोळ्या अंगावर येण्याआधीच तिथं बॉम्ब टाका.

प्रश्न : ‘रायडन’मध्ये वेळेवर बॉम्ब टाकूनही मरतो. असं का?

उत्तर : १९९० सालच्या या गेममध्ये बॉम्ब आधी पुढे जाऊन पडतो आणि मग फुटतो. तेवढ्या वेळात आलेली गोळी लागतेच. इथे बॉम्ब जीव वाचवायला नाही, पुढची गर्दी साफ करायला वापरा.

प्रश्न : टीव्हीवर खेळताना विमान उशिरा हलल्यासारखं वाटतं.

उत्तर : भास नाही तो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, धरल्या तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. टीव्ही चित्र सुधारत बसला की अशा कित्येक फ्रेम जातात. सेटिंगमध्ये गेम मोड लावा. शक्य असेल तर मॉनिटर उभा फिरवा. आडव्या १६:९ स्क्रीनवर या गेमचं ३:४ चं उभं चित्र रुंदीचा जेमतेम ४२ टक्के भाग व्यापतं, आणि एवढ्याशा चित्रात गोळ्यांमधल्या फटी दिसत नाहीत.