कॉस्टिक सोडा किती ग्रॅम?

प्रश्न: ताई, मी मुलुंडची, बीएस्सीला आहे. ०.१ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं, द्रावण २५० मिली करायचंय, सोडा किती घेऊ? पाणी २५० मिलीच ओतायचं ना?

उत्तर: अगं, मोलर वजन (एका मोलचं वजन) ४० ग्रॅम गुणिले ०.१ गुणिले पाव लिटर, झाला १ ग्रॅम. पण पाणी २५० मोजून नाही ओतायचं हां, आधी बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळव, तापतं ते, गार झालं की २५० मिलीची खूण असलेल्या फ्लास्कमध्ये ओत, बीकर विसळलेलं पाणीही त्यातच, मग खुणेपर्यंत पाणी भर. आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात तर हे दाणे काट्यावरच हवेतलं पाणी ओढून चिकट होतात, कार्बन डायऑक्साइडही शोषतात, म्हणजे तुझा १ ग्रॅम अख्खा सोडा नसतोच! ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेशन करून (म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या ॲसिडला तुझं द्रावण किती लागतं ते मोजून) जी येईल तीच तीव्रता बाटलीवर लिही.