अमेरिकेतील शाळांमधले गोळीबार खरोखर वाढले आहेत का?

नोकरीनिमित्त न्यू जर्सीत सहकुटुंब येण्यापूर्वी आपण विचारले आहे की, शाळांमधले गोळीबार वाढले आहेत की फक्त त्यांच्या बातम्या. माझी मुले इथल्याच सरकारी शाळेत शिकतात, म्हणून ही आकडेवारी मी जिवाच्या आकांताने वाचत आलो आहे. वाढ खरी आहे. मात्र ती नेमकी कशाची, हे पाहिले पाहिजे.

‘के-ट्वेल्व्ह स्कूल शूटिंग डेटाबेस’ हा बालवाडी ते बारावीच्या शाळांमधील गोळीबारांचा नोंदसंग्रह शाळेच्या आवारात कोणी बंदूक रोखली, झाडली किंवा बाहेरून आलेली गोळी भिंतीला लागली, तरी त्या घटनेची नोंद करतो. 2018 पूर्वी एकाही वर्षी शंभरी न गाठलेली ही संख्या 2022 ते 2024 या तिन्ही वर्षी तीनशेच्या पुढे राहिली आणि 2025 मध्ये बरीच उतरली. यातल्या पुष्कळ घटना वाहनतळावरच्या किंवा सामन्यानंतरच्या भांडणांतून घडतात. कनेटिकटमधील सँडी हूक शाळा (2012, वीस मुले आणि सहा प्रौढ ठार) किंवा टेक्ससमधील युवाल्डे गावची शाळा (2022, एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका ठार) यांसारखी हत्याकांडे त्या मानाने अगदी थोडी आहेत, पण युवाल्डेत हल्लेखोराला संपवायला पोलिसांनी 77 मिनिटे लावली, हे आठवले की आजही संताप होतो.

शालेय वयातील मुलांच्या एकूण हत्यांपैकी शाळेत होणाऱ्या हत्या तीन टक्क्यांहूनही कमी आहेत. मुलांना बंदुकीचा खरा धोका घरात आणि रस्त्यावर आहे. राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिस या सरकारी यंत्रणेने 2008 ते 2017 मधील शाळांवरील हल्ले तपासले, तेव्हा बंदूक वापरणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश हल्लेखोरांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून मिळवल्याचे आढळले. मिशिगनमधील ऑक्सफर्डच्या शाळेत घरातल्या बंदुकीने चौघांना मारणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना 2024 मध्ये मनुष्यवधासाठी दोषी ठरवले गेले, ते मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते.

न्यू जर्सीत कायद्यानुसार शाळेला दरमहा सुरक्षेचा सराव घ्यावा लागतो. ‘लॉकडाउन’चा, म्हणजे हल्लेखोर शिरल्यास वर्गातच लपण्याचा सराव असला की दिवे मालवले जातात, दार आतून बंद होते आणि मुले दारातून वा खिडकीतून दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात गप्प बसतात. आपल्या मुलीला याची कल्पना आधीच द्यावी आणि ती मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल, तेव्हा त्या घरी बंदूक आहे का आणि ती कुलुपात असते का, हे निःसंकोच विचारावे. मी विचारतो, आणि त्याचा राग कोणाला आलेला नाही.