नेस्टेड व्हीएम लाइव्ह मायग्रेशननंतर गोठते: बग शोधायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंटेलच्या दोन सर्व्हरवर केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) आणि क्यूएमू (त्यावर व्हर्च्युअल मशीन उभी करणारा प्रोग्राम) आहे, एका व्हीएमच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, आत दुसरी (नेस्टेड) व्हीएम चालते. बाहेरची लाइव्ह मायग्रेट केली, म्हणजे चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवली, की कधीकधी आतली गोठते, बाहेरची मात्र व्यवस्थित चालू असते. मेमरीची काही पानं (पेजेस) कॉपी व्हायची राहत असावीत असं तुम्हाला वाटतं.

मी याच कोडमध्ये काम करतो. माझ्या मते मेमरीकडे नंतर बघा. आधी, जी स्थिती गेस्टच्या (म्हणजे व्हीएमच्या) मेमरीत नसतेच, ती पलीकडे पोचते का ते बघा.

तळाचा होस्ट म्हणजे एल०, बाहेरची व्हीएम एल१, आतली एल२. एल२ चालवायला एल१ आपल्या मेमरीत एक व्हीएमसीएस (व्हीएमची स्थिती आणि नियंत्रणं ठेवणारी इंटेलची रचना) तयार करतो, त्याला केव्हीएमच्या कोडमध्ये व्हीएमसीएस१२ म्हणतात. प्रोसेसर तो थेट वापरत नाही. एल० त्यावरून व्हीएमसीएस०२ बनवतो आणि एल२ प्रत्यक्षात त्यावर धावते. शिवाय तपासणी झाल्यावर एल१ ने मागून काही बदलू नये म्हणून व्हीएमसीएस१२ ची एक नक्कल एल० चा कर्नल स्वतःकडे ठेवतो. ताजी माहिती या नकलेत असते, गेस्टच्या पानावर शिळी. म्हणजे मेमरी शेवटच्या बाइटपर्यंत बरोबर कॉपी झाली तरी एल२ नीट उठेलच असं नाही.

ही नक्कल बाहेर काढायची आणि पलीकडे परत भरायची सोय, म्हणजे ‘गेट नेस्टेड स्टेट’ आणि ‘सेट नेस्टेड स्टेट’ हे आयओसीटीएल (प्रोग्रामने कर्नलला करायच्या विनंत्या), इंटेलसाठी लिनक्स ४.१९ मध्ये आली. एएमडीसाठी ५.८ पर्यंत थांबावं लागलं. क्यूएमू हे वापरायला लागला ४.१ पासून, २०१९ मध्ये. दोन्ही टोकांना यापेक्षा जुनं काही असेल तर आधी तेच बदला.

आता ‘कधीकधी’ बद्दल. व्हीसीपीयू (व्हीएमचा आभासी प्रोसेसर) थांबवला त्या क्षणी तो कुठे होता, यावर सगळं ठरतं. एल१ मध्ये होता तर बहुधा निभावतं. एल२ मध्ये होता तर वर सांगितलेली स्थिती लागते. आणि सगळ्यात नाजूक क्षण मधला: एल१ ने व्हीएमरिझ्यूम (एल२ मध्ये शिरायची प्रोसेसरची सूचना) चालवलं आहे, पण एल२ ची पहिली सूचना अजून चाललेली नाही. कर्नल तेव्हा ‘रन पेंडिंग’ असा झेंडा (फ्लॅग) लावतो. तो हरवला तर पलीकडे एल२ सुरू होण्याआधीच इंटरप्ट मध्येच घुसू शकतो, आणि प्रत्यक्ष प्रोसेसरवर जे कधीच घडलं नसतं ते एल१ ला दिसतं. म्हणून क्यूएमूमध्ये दोन ओळी घालून मायग्रेशनच्या वेळचे हे फ्लॅग छापा, आणि बिघडलेली मायग्रेशन्स त्यानुसार वेगळी करा. अर्धा शोध तिथेच लागतो.

या भागातले जुने बग वाचलेत तर नजर तयार होते. मला सगळ्यात आवडतो तो पेज फॉल्टचा, म्हणजे मेमरीचं पान न सापडल्यावर येणाऱ्या एक्सेप्शनचा. एल२ मध्ये पेज फॉल्ट आला, तो एल१ ला द्यायचा की एल२ ला हे अजून ठरलेलं नाही, आणि नेमकं तेव्हाच मायग्रेशन झालं. आधीचा कोड फॉल्टचा पत्ता लगेच सीआर२ मध्ये (फॉल्टचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) लिहून मोकळा व्हायचा. पण फॉल्ट एल१ कडे जाणार असेल तर एल२ च्या सीआर२ ला हात लागता कामा नये. लिनक्स ४.२० मध्ये एक्सेप्शनचा ‘पेलोड’ (इथे फॉल्टचा पत्ता) वेगळा नेण्याची सोय झाली ती यासाठीच. तसाच प्रीएम्प्शन टायमरचा (ठरलेल्या वेळाने एल२ मधून एल१ मध्ये परत आणणाऱ्या टायमरचा) बग: निम्मा संपलेला टायमर मायग्रेशननंतर पूर्ण किमतीपासून पुन्हा सुरू व्हायचा. ५.८ पासून त्याची डेडलाइनही स्थितीसोबत जाते. तुमची एल२ जर ३२ बिट पीएई (मेमरी पत्त्यांची एक जुनी पद्धत) वापरत असेल तर पीडीपीटीआर (तिच्या पेज टेबलांची वरची चार रजिस्टर) तपासा. ते वेगळे नेणारा ‘सेट एसरेग्ज २’ हा आयओसीटीएल ५.१४ मध्ये आला.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. ईएफईआर आणि फीचर कंट्रोल हे एमएसआर (प्रोसेसरची खास नियंत्रण रजिस्टर) आधी भरायचे, मग नेस्टेड स्टेट. उलट झालं तर कर्नल ईआयएनव्हीएएल (‘अवैध आर्ग्युमेंट’) हा एरर देऊ शकतो. दोन सर्व्हरचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असतील आणि तुम्ही होस्ट-पासथ्रू (होस्टचा प्रोसेसर जसाच्या तसा व्हीएमला दाखवणं) वापरत असाल तरीही हाच एरर येऊ शकतो, कारण एल१ ने गृहीत धरलेली व्हीएमएक्सची (इंटेल प्रोसेसरमधल्या व्हर्च्युअलायझेशनची) क्षमता पलीकडे नसते.

मेमरीचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. इंटेलचं पीएमएल (बदललेल्या पानांची नोंद ठेवणारी प्रोसेसरची सोय) लिहिलेल्या पानांचे पत्ते ५१२ नोंदींच्या बफरमध्ये टाकतं, पण एल२ धावत असताना ते पत्ते एल२ चे असतात आणि मायग्रेशनला हवे असतात एल१ चे. म्हणून एल२ साठी पानं राइट-प्रोटेक्ट (लिहायला बंद) करून हिशोब ठेवावा लागतो. तपासायला सोपं आहे: कर्नलचं केव्हीएम-इंटेल मॉड्यूल पीएमएल बंद करून लोड करा आणि फरक पडतो का बघा.

शोधताना दोन सर्व्हर, नेटवर्क, स्टोरेज हे सगळं बाजूला ठेवा. कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये (कर्नलसोबत येणाऱ्या चाचण्यांमध्ये) ‘स्टेट टेस्ट’ आहे, ती मन लावून वाचा. गेस्टचा कोड टप्प्याटप्प्याने थांबतो. प्रत्येक टप्प्यावर टेस्ट सगळी स्थिती काढून घेते, व्हीएम पूर्ण मोडते, नवी उभी करते, तीच स्थिती भरते आणि रजिस्टर जुळतात का बघते. एकाच मशीनवर, काही सेकंदांत. तुमचा संशयित क्षण तिच्यात एक टप्पा म्हणून घातलात की ‘कधीकधी’ येणारा बग दर वेळी यायला लागतो, आणि दुरुस्तीसोबत पाठवायला टेस्टही तयार असते.

ते जमेपर्यंत डेस्टिनेशनवर केव्हीएमचे नेस्टेड एंटर (एल२ मध्ये शिरणं) आणि नेस्टेड एक्झिटचे (एल२ मधून बाहेर येण्याचे) ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलमधल्या नोंदीच्या जागा, चालू करा. मायग्रेशननंतरचा पहिला एंटर आणि त्यानंतरचे काही एक्झिट, एवढा भाग प्रश्नात जोडा. सोबत दोन्हीकडचं कर्नल, क्यूएमूची आवृत्ती, सीपीयू मॉडेल, आणि लॉगमध्ये ‘हार्डवेअर एरर ०एक्स८०००००२१’ दिसतो का तेही लिहा. दिसत असेल तर प्रोसेसरने एल२ ची स्थितीच अवैध ठरवली आहे. दिसत नसेल आणि एल२ नुसतीच गप्प असेल, तर मी आधी हरवलेला इंटरप्ट किंवा टायमर शोधेन.