ठरलं म्हणजे कोणी ठरवलं?

प्रिय सानू,

सकाळी बूट घालता घालता प्रश्न टाकलास आणि पळालीस. आजीला तू इथून, जर्मनीतून, फोनवर विचारलंस की दिवाळीत आम्ही अलिबागला आलो की काय प्लॅन आहे, आणि ती म्हणाली, "बघू, या तर आधी." त्यावर तुझं म्हणणं असं, की मराठी माणसं प्लॅन करतच नाहीत का, की मराठीत त्याला शब्दच नाही? दारात उभं राहून देण्याएवढं हे उत्तर लहान नाही, म्हणून लिहून ठेवतेय. सावकाश वाच, अडलं तर रात्री विचार.

शब्द चिक्कार आहेत. पुस्तकात तुला 'योजना' सापडेल, पण "रविवारी माझी योजना आहे" असं कोणी म्हणत नाही. तो शब्द सरकारने नेला. 15 मार्च 1950 ला दिल्लीत योजना आयोग स्थापन झाला, 1951 पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या, 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली, आणि आता आजीकडे गेलीस की तू रोज ऐकतेस ती लाडकी बहीण योजना. इतकी वर्षं फॉर्म, रांगा आणि हप्ते यांच्या संगतीत राहिल्यावर तो शब्द सहलीला वगैरे जायचा नाहीच.

घरात चालतो तो 'बेत'. हा माझा सगळ्यात लाडका. "उद्याचा काय बेत?" म्हणजे उद्या काय करायचं, आणि "आज काय बेत?" याचं उत्तर "श्रीखंड-पुरी". ठरवलेली गोष्ट आणि ठरवलेलं जेवण, दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडे पाहुणे यायचे असले की दोन्ही खरोखर एकच असतात, हे तू पाहिलंयस. बेत आखतात, बेत जमतो आणि बऱ्याचदा फसतो. कोणाच्या डोक्यात अचानक काहीतरी आलं आणि त्याने ते सगळ्यांपुढे टाकलं, तर 'टूम निघाली' किंवा 'बूट निघाला' म्हणतात (पायातला नव्हे). झेपेल की नाही याचा विचार न करता मोठं काहीतरी अंगावर घेतलं, तर 'घाट घातला', आणि हे म्हणताना बायका हमखास कपाळाला आठ्या घालतात. 'मनसुबा' अरबी-फारसीतून आला. अरबीत बुद्धिबळाच्या कोड्याला मन्सूबा म्हणत, म्हणजे पट मांडून दिलेला, आता मात कशी करायची ते तू शोध. बखरींत मोहिमांचे मनसुबे होतात. आजच्या वर्तमानपत्रांत ते फक्त उधळले जातात.

पण खरी गंमत शब्दांत नाही, क्रियापदांत आहे. आजी काय म्हणते यापेक्षा तिचं वाक्य कशावर संपतं ते ऐक. समज, ती म्हणाली, "यंदा पंढरपूरला जावं म्हणतेय." कोणाला म्हणतेय? स्वतःलाच. बेत अजून तिच्या डोक्याबाहेर पडलेला नाही. "जायचं घाटतंय" म्हणाली, तर दोन-तीन शेजारणींच्या कानावर गेलंय. "जायचा विचार आहे" म्हणजे आजोबांना विचारून झालं, त्यांनी अजून हूं की चूं केलेलं नाही. "जायचं ठरतंय" म्हणजे गाडीची चौकशी चालू आहे. "ठरलंय" म्हणजे शेजारच्या काकूंना मांजराला दूध घालायला सांगून झालं. आणि "जाणार आहे" म्हणाली, की आता कोणी मोडता घालायचा नाही. यातला 'णार' म्हणजे गाणारी, विकणारा यांतलाच. 'मी जाणार' म्हणजे मी जाणाऱ्यांतली झाले. एवढ्या पायऱ्या दाखवायला तुझ्या इंग्रजीला 'मे बी', 'प्रॉबब्ली' असे तुकडे वर लावावे लागतात. आमच्याकडे क्रियापदाचं शेपूटच बोलतं.

'जायचंय' मात्र लबाड आहे. "दातांच्या डॉक्टरकडे जायचंय" ही गरज, "मला समुद्रावर जायचंय" ही इच्छा, "उद्या पुण्याला जायचंय" हा बेत. जर्मनमध्ये गरजेचं 'म्युसन' वेगळं आणि इच्छेचं 'वोलन' वेगळं. मराठीत तिन्ही एकाच रूपात बसतात आणि कुठलं कुठलं ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. इथे तुझी चिडचिड होते ती मला पटते.

आता इतरांचं बघ. जर्मन 'इख् विल्' म्हणजे मला हवंय, आणि इंग्रजी 'आय विल' म्हणजे मी करेन. मुळात दोन्ही एकच जुनं क्रियापद. इंग्रजीत हवंसं वाटता वाटता ते भविष्यकाळ होऊन बसलं, जर्मनमध्ये हट्टच राहिलं. म्हणून सुट्टीत आलेली तुझी अमेरिकेतली मावसबहीण बेकरीत 'इख् विल्' म्हणाली, तेव्हा काउंटरवरची बाई तिच्याकडे तशी बघत होती. जर्मन माणूस बेत विचारतो तेव्हा "वास हास्ट डू फोर?" म्हणतो, म्हणजे तू समोर काय ठेवलंयस. जपानीत मनातला इरादा 'त्सुमोरी' आणि बाहेर पक्का झालेला कार्यक्रम 'योतेई', दोन्ही वेगळे. "जायचा विचार आहे" आणि "जायचं ठरलंय" यांत आपण करतो तोच भेद, त्यांनी दोन नामांत करून ठेवलाय.

आणि जर्मनला उद्यासाठी वेगळा काळ लागतच नाही म्हटलं तरी चालेल. "मॉर्गेन फारं इख् नाख् उल्म", म्हणजे "उद्या मी उल्मला जाते", वर्तमानकाळच. आपणही "उद्या येतो" म्हणतोच की. यावरून एक भारी वाद झाला होता. कीथ चेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 2013 मध्ये लेख लिहिला, की जर्मन, फिनिश, चिनी अशा भाषा बोलणारे, म्हणजे उद्याबद्दलही आजच्याच काळात बोलणारे लोक, जास्त पैसे साठवतात. त्यांना उद्या लांबचा वाटत नाही म्हणे. बातमी जगभर गेली. 2015 मध्ये चेन आणि आणखी दोन संशोधकांनीच ते पुन्हा तपासलं. शेजारच्या आणि एका कुळातल्या भाषांच्या सवयी सारख्या असतात, हे हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. मला पहिल्यापासूनच ते पटलं नव्हतं. आमच्या बाजूच्या बायका कुठल्याही काळात बोलोत, मे महिन्यात आगोटीची बेगमी करतातच. सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, पापड, पांढऱ्या कांद्याच्या माळा, चुलीची लाकडं: पावसाचे चार महिने बाजार मिळाला नाही तरी अडू नये इतकं घरात भरलेलं. गोव्यात याच सामानाला 'पुरुमेंत' म्हणतात, पोर्तुगीजांच्या 'प्रोविमेंतो'वरून, आणि त्याची जत्राही भरते. ती बेगमी कोणी कुठे लिहून ठेवत नाही आणि तिला प्लॅन तर कोणीच म्हणत नाही.

तू म्हणतेस तशी मराठी माणसं बेताबद्दल कमी बोलतात, यात तथ्य आहे, कारण पुष्कळसं आधीच ठरलेलं असतं. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघणार, तुकोबांची त्याच्या आदल्या दिवशी देहूतून, आणि आषाढी एकादशीला पंढरपूर. दरवर्षी त्याची बैठक घेऊन तारीख काढावी लागत नाही. पेरणी मृगावर, म्हणजे 7-8 जूनच्या सुमारास. पूर्वी मोहिमाही दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. गणपतीला गावी जायचं की नाही, असा प्रश्न मुंबईतला चाकरमानी घरात काढत नाही, पण ज्या सकाळी कोकणच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं त्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठलेला असतो. पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी. "बघू गणपतीचं" म्हणणारे मामा तेव्हाही उठायचे आणि आताही उठतात. आणि इतकं प्लॅन-प्लॅन करणाऱ्या आपल्या या गावात 'स्टुटगार्ट 21' या रेल्वे प्रकल्पाचं नवं स्थानक 2019 ला उघडणार होतं, ते लांबतच गेलं, तेव्हा या बाबतीत कोणी कोणाला शिकवू नये.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. 'ठरलं' आणि 'ठरवलं'. 'मी ठरवलं' म्हटलं की ठरवणारी समोर उभी राहते. 'ठरलं' म्हटलं की कोणीच नाही, जसा काही पाऊस पडला. मराठी घरात नव्वद टक्के गोष्टी 'ठरतात'. ट्रिप ठरते, घर घ्यायचं ठरतं, "या वेळी आंबे पाठवायचे नाहीत असं ठरलं". यात एक शहाणपण आहे: अनेकांनी मिळून घेतलेला निर्णय एकाच्या नावावर चढत नाही, आणि फसला तर दोषही एकाच्या माथी बसत नाही. माझ्या माहेरी चुलते-चुलत्या धरून एवढी माणसं एका छपराखाली राहिली, त्यात या 'ठरलं'चा वाटा मोठा होता. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात 'आमचं ठरलंय' ही घोषणा गाजली, तिची सगळी ताकद यातच होती. कोणी, कुठे, कधी ठरवलं, काही सांगायची गरजच नाही.

पण याच 'ठरलं'च्या आड बरंच लपतं. आजी सांगते ना, "माझं लग्न ठरलं तेव्हा मी अकरावीत होते." ठरवलं कोणी? तिच्या वडिलांनी आणि मोठ्या काकांनी. बोलणी झाली, याद्या झाल्या. याद्या म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी बसून कागदावर लिहायची, की दागिने कोणी किती घालायचे, मानपान कसे, जेवणावळ कोणाकडे, आणि खाली सह्या. त्या कागदाला कुंकू लागतं. इतका बारीक प्लॅन तुमच्या शाळेच्या सहलीचाही नसतो. म्हणजे बेत आखता येत होता, लिहिता येत होता, सही करता येत होती. फक्त जिचं लग्न तिचं नाव वाक्यात कर्ता म्हणून कुठे नव्हतं. आजीला मी एकदा विचारलं, "तुला विचारलं होतं का गं?" तर म्हणाली, "ठरलं होतं ना." तिच्या सुरात तक्रार नव्हती. मला मात्र तेव्हापासून 'ठरलं' ऐकलं की 'कोणी?' असं मनात येतंच. तूही विचारत जा. मोठ्यांना थोडं टोचेल, चालेल.

राहिलं 'बघू'. लहानपणी दुकानात खेळण्याकडे बोट दाखवल्यावर "बघू हं" म्हणाले, की ते 'नाही' असायचं, शंभरातले नव्व्याण्णव वेळा. "बघूया" यात आपण दोघंही आहोत, तिथे जरा आशा धरायला हरकत नाही. "मी बघते" म्हणजे काम माझ्या अंगावर आलं, तू आता विसरलीस तरी चालेल. आणि "बघून घेईन" ही सरळ धमकी आहे, ते आजीला कधी म्हणू नकोस. आजी तुला म्हणाली "बघू, या तर आधी." यातलं वजन 'या'वर आहे. तिने चकलीची भाजणी कोणत्या दिवशी दळायची हे मला गेल्याच आठवड्यात विचारलं, आणि किहीमच्या आत्याला तुम्ही येणार म्हणून सांगूनही झालंय. हे सगळं ती तुला आत्ता सांगणार नाही, कारण विमानात बसेपर्यंत ठरलेलं मोठ्याने बोलून दाखवायचं नाही, अशी तिची पद्धत आहे. मला ती सोयीची वाटत नाही. इथल्या रजा चार-चार महिने आधी टाकाव्या लागतात आणि "बघू"वर सुट्टी कोणी मंजूर करत नाही. म्हणून मी तिला सरळ विचारते, "आई, भाऊबीज किहीमला की घरी?" असं दोनांतलं एक निवडायला दिलं की ती पटकन सांगते. "काय प्लॅन?" असं उघडं विचारलंस तर दर वेळी "बघू"च मिळेल.

आणि एक, तू नेहमी बाबाला खोटारडा म्हणतेस त्याबद्दल. जेवायला हाक मारली की तो लॅपटॉपवरून मान वर न करता "आलो, आलो" म्हणतो आणि जागचा हलत नाही. मराठीत लगेच होणार असलेल्या गोष्टीला भूतकाळ लावतात: "हा निघालोच", "आत्ता आले". झालं असं समज, इतक्या लवकर होतंय, असा त्याचा अर्थ. व्याकरण बाबाच्या बाजूने आहे. पाच मिनिटांनी पुन्हा "आलो" म्हणाला, तर मात्र व्याकरण त्याची बाजू घेत नाही, तेव्हा ताट झाकून ठेव आणि तू जेवून घे.

तुझी,
आई